वन्सं, तुमचं ‘पटत न्हाई’

वन्सं, दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून माणसं मागं सरतात न सरतात तोच आंब्यावरनं एक कावळा उतरला आणि भातात चोच घालून मोकळा झाला. नदीवर जमलेल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ऊन तापायच्या आत उरकलं म्हणून पाहुणेही खूष. तुमच्या भावकीतले म्हातारे म्हणाले, “सुखानं गेली माउली. काय इच्छा म्हनून मागं ऱ्हायली न्हाई.”

आणि माझ्या तोंडून निघालं, “पटत न्हाई.”

चांगलं मोठ्यानं निघालं. तुमची सून माझ्याकडं बघतच राहिली. हे खाकरले. तुमचे धाकटे भाऊ ना, अवघड जागी खाकरायचं एवढंच त्यांना येतं. ज्या दोन शब्दांनी तुम्ही मला लग्नाच्या आधीपासून छळलंत, ते माझ्या तोंडात यावेत, तेही तुमच्याच दहाव्याला, तेही तुमच्या त्या ‘न्हाई’सकट. मी भोरात राहते, तहसील कचेरीबाहेर टायपिंगचं दुकान चालवते, ‘नाही’ला ‘नाही’ लिहिते आणि ‘नाही’च म्हणते. त्या घटकेला मला तुमचा इतका राग आला की रडायचं राहूनच गेलं. अजून तो उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

माझा धंदा शब्दांचा आहे हे तुम्हाला कधी पटलं नाही. मला बघायला तुम्ही वरव्याला, माझ्या माहेरी आला होतात, तेव्हा माझे वडील कौतुकानं म्हणाले होते, “पोरगी टायपिंग शिकलीय. भाकरी पण चांगली करती.” तुम्ही कांदेपोह्यांची बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, “पटत न्हाई.” बैठकीत हशा पिकला. मला साडी बदलायलाही न देता चुलीपुढं बसवलं. तुम्ही शेजारी उकिडव्या बसून माझे हात बघत राहिलात. भाकरी टम्म फुगली. ती कोरडीच खाल्लीत आणि बाहेर जाऊन निकाल दिलात, “भाकरी झ्याक हाय. टायपिंगचं न्हाई पटत.” लग्नानंतर दुकानात येऊन स्टुलावर अख्खी दुपार बसलात, माझी बोटं बघत. निघताना एवढंच विचारलंत, “एवढं बडीवतीस तर कागुद फाटत कसा न्हाई?”

बाकीचे लोक न मानण्याला किती तऱ्हेचे शब्द वापरतात ते मी रोज ऐकते. दुकानात बसून दुसरं असतं काय? कोर्टाच्या कागदात माणूस नाकबूल करतो, आणि जो नाकबूल करतो त्याला खरं काय ते बहुतेक ठाऊक असतं. ‘विश्वास बसत नाही’ म्हणणाऱ्याचा निम्मा विश्वास तोवर बसलेलाच असतो. ‘काहीतरीच काय’ म्हणणाऱ्या बाईला अजून थोडं ऐकायचं असतं. ‘खोटंय’ म्हणणारा भांडायच्या तयारीत असतो. मग उरतं पटणं. ओळख पटते, खूण पटते, नवराबायकोचं पटतं नाहीतर पटत नाही, आणि बोलणं मनाला पटतं. पटत नसेल तर पटवून द्यावं लागतं. पुरावा आणावा, समोर ठेवावा, मग पटतं. मी तरी हाच अर्थ धरून चालले. प्रतिज्ञापत्र वाचून दाखवल्यावर मी प्रत्येकाला विचारते, “बरोबर आहे? पटतंय?” माणूस मान हलवतो, मग सहीची जागा दाखवते. पटल्याशिवाय सही नाही, असा माझा दुकानचा नियमच आहे.

तुम्ही मात्र हा एकच शब्द सगळीकडं वापरलात, जसं काही जण एकाच कोयत्यानं गवतही कापतात आणि नारळही फोडतात. भोरच्या स्टँडवर गाडी रद्द झाल्याचं कंडक्टरनं स्वतः सांगितलं. बाकीची माणसं टमटम शोधायला पांगली. तुम्ही “पटत न्हाई” म्हणून बाकड्यावर बसून राहिलात. दिवेलागणीला पिशवी घेऊन घरी परत आलात, चहा प्यालात आणि म्हणालात, “न्हाईच आली.” जणू चूक एसटीची. असं असल्यावर मी दुसरा कुठला अर्थ धरायचा होता, सांगा ना.

आता मागं वळून बघते तेव्हा दुसऱ्याही गोष्टी दिसतात. तुमच्या गावचा, पासलीचा रस्ता रुंद करायला निघाले आणि तुमचा बांधावरचा आंबा त्यात जाणार असं ठरलं. साहेब येऊन आखणी करून गेले. तुम्ही त्यांना तोंडावर सांगितलंत, “पटत न्हाई.” आणि त्याच दुपारी तुमच्या संजयला झाडावर चढवून होत्या नव्हत्या तेवढ्या कैऱ्या उतरवून घेतल्यात. पोतंभर कैऱ्या एसटीच्या टपावर टाकून मला पाठवल्यात, लोणच्याला. मी ह्यांना म्हणाले, काय बाई आहे, झाड जाणार हे पटत नाही म्हणते आणि कैऱ्या तेवढ्या काढून ठेवते. आम्ही हसलो. लोणचं मात्र वर्षभर पुरलं.

परवा परवा वेल्हे तालुक्याचं नाव बदलून राजगड झालं, तेव्हाही तेच. मी तुमच्या कुठल्याशा अर्जावर ‘तालुका राजगड’ टाइप केलं. तुम्ही अंगठ्याला शाई लावून घेतलीत, कागदावर नीट दाबलात, आणि बोट पुसताना म्हणालात, “पटत न्हाई. आमचं आपलं येल्हं.” म्हणजे अंगठा दिलात आणि पटलंही नाही. माझ्या दुकानचा नियम माझ्या डोळ्यांदेखत मोडलात आणि मला ते कळलंसुद्धा नाही.

एकदा मात्र ह्या शब्दानं मला वाचवलं, ते नाकारलं तर जीभ झडेल. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, तेव्हा मी हातपाय गाळले होते. यांना म्हणाले, मला आता ते जमायचं नाही, दुकान बंद करू. तुम्ही तेव्हा आमच्याकडं होतात. तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता म्हणालात, “तुला जमायचं न्हाई? पटत न्हाई.” झालं. त्यावर भाषण नाही, काही नाही. मी रडकुंडीला येऊन सांगत होते की माझं डोकंच चालत नाही, आणि तुम्ही ते ऐकूनच घेईनात. क्लासला गेले ती तुमच्यावरच्या रागानंच गेले. आज ज्या मशीनवर हे लिहिते आहे ते तुमच्या त्या न पटण्याचं देणं आहे. त्या वेळी तुमचा नन्ना माझ्या बाजूनं होता, म्हणून गोड लागला.

मग तुमच्या छातीचं निघालं. बांध चढताना धाप लागायची, पाय सुजायचे. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची एक झडप खराब झाली आहे, ऑपरेशन करून बदलावी लागेल, बदलली नाही तर भरवसा नाही. खर्चाचाही प्रश्न नव्हता, योजनेत बसत होतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, डॉक्टरांना नमस्कार केलात आणि बाहेर व्हरांड्यात येऊन म्हणालात, “पटत न्हाई.”

मी पदर खोचला. पटत नाही ना, पटवून देते. डॉक्टरांनी कागदामागं काढून दिलेलं हृदयाचं चित्र तुमच्यापुढं पसरलं. मोबाईलवर ऑपरेशन झालेल्या बाईची मुलाखत दाखवली. तुम्ही ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलीत आणि विचारलंत, “ह्या बाईच्या गळ्यातलं खरं हाय का गं?” दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं. तेही तेच म्हणाले. तुम्हीही तेच म्हणालात.

शेवटी मी नजमाभाभीला बोलावलं. माझ्या शेजारच्या गाळ्यात शिवणकाम करते ती, तुम्ही तिच्याकडूनच ब्लाउज शिवून घ्यायचात. तिची झडप बदललेली आणि बाई स्कूटर चालवत नसरापूरला माहेरी जाते. जिवंत पुरावा. दुकानामागच्या खोलीत पडदा ओढून तिनं तुम्हाला छातीवरची टाक्यांची रेघ दाखवली. मी बाहेर गिऱ्हाईक करत होते, पण कान आतच होते. तुम्ही बराच वेळ काय काय विचारत होतात. मला वाटलं, जिंकले. पडद्याबाहेर आलात, पदर सारखा केलात आणि माझ्याकडं बघून मान हलवलीत. “न्हाई पटत.”

त्या दिवशी स्वयंपाकघरात माझा तोल गेला. “डॉक्टर खोटं बोलतायत? मशीन खोटं बोलतंय? नजमाभाभीच्या छातीवरची शिवण खोटी? तुम्हाला खरं वाटायला काय ब्रह्मदेव खाली यायला पाहिजे?” तुम्ही माझ्या कपाकडं बोट दाखवलंत. “चा निवला तुजा.”

दुसऱ्या दिवशी तुम्हाला गाडीत बसवायला आले. गाडी हलली तेव्हा खिडकीतून म्हणालात, “गच्चीवर गहू घातल्यात न्हवं वाळत? उचल. आभाळ आलंय.” मी म्हणाले, “मोबाईलवर पाऊस दाखवत नाही.” तेच आपलं शेवटचं बोलणं. संध्याकाळी पाऊस आला आणि गहू भिजले. ते मला तुम्हाला फोनवर सांगायचं होतं, पण तुमचं “बग, म्हनलं न्हवतं” ऐकायची तयारी नव्हती. आज करू, उद्या करू करत राहिले.

भाताची झोडणी उरकली आणि तुम्ही खळ्यावर बसल्या जागी कलंडलात. फोन संजयचा होता. “मामी, आई बोलंना.” बाकी काय झालं ते तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही.

दहावा करून परत आले, दुकान उघडलं, तशी नजमाभाभी चहा घेऊन आली. मी तिला कावळ्याचं सांगितलं. लगेच शिवला म्हणून सगळे कसे समाधानी झाले ते सांगितलं. मग तोंडात आलेलं सगळं बोलले. म्हणाले, “भाभी, त्या बाईला शेवटपर्यंत खरं वाटलं नाही गं. मी जंग जंग पछाडलं, पण खरं वाटलं नाही.”

भाभीनं कप खाली ठेवला. “कुणाला खरं वाटलं नाही? आक्कांना?”

“मग कुणाला?”

“शैला, त्यांना सगळं खरं वाटत होतं. मला आत म्हणाल्या की. मी म्हटलं, आक्का, बघा, हा टाका खोटा आहे का? तर म्हणाल्या, ‘खरं हाय गं समदं. डाक्टर कशाला खोटं बोलंल. झडप बी गेलीय, मला ठावं हाय. पर पटत न्हाई अजून.’ मग मला विचारत बसल्या, वाकता येतं का, पाटीभर माती उचलता येते का, गोळ्या जन्मभर का. मला वाटलं, तुला बोलल्या असतील.”

वन्सं, मला बोलला नाहीत. मी आठ महिने तुम्हाला जे पटवून देत होते, ते तुम्ही पुण्याच्या त्या व्हरांड्यातच मानलेलं होतं. मी खरं-खोटं करत बसले आणि तुमचा खऱ्या-खोट्याशी काही वादच नव्हता. झाड जाणार हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून तर कैऱ्या उतरवल्यात. तरी ते कबूल नव्हतं. नदीवर मी तरी दुसरं काय केलं? कावळा मी माझ्या डोळ्यांनी बघितला. चोच भरलेली बघितली. तो आला नाही असं मी म्हणतच नव्हते. मला ते मंजूर नव्हतं, एवढंच. तुमचा शब्द माझ्या तोंडात बसला तेव्हा कुठं त्याचा अर्थ मला लागला, आणि तोवर तुम्हाला विचारायची सोय राहिली नव्हती. आता सांगा, ह्याचा राग येऊ नये?

आणि ह्याहून मोठा राग पुढंच आहे. भाभीचं बोलणं ऐकून घेतलं, चहा प्याले, आणि मग माझ्या लक्षात आलं. मी विचारलं, “भाभी, अजून म्हणाल्या? ‘पटत न्हाई अजून’ म्हणाल्या, का नुसतंच ‘पटत न्हाई’?”

“काय फरक आहे?”

“म्हणाल्या का नाही ते सांग.”

“म्हणाल्या असतील. मला वाटतं म्हणाल्या.”

“नक्की?”

“आता तेवढं कुठं लक्षात राहतं गं? पटत नाही म्हणाल्या, हे नक्की.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तर ‘अजून’ नव्हतं. त्यानंतर विचारलं तर “अजून न्हाई पटत” असं पुढं आलं होतं. शेवटी ती चिडली. “शैला, मी काय कोर्टात उभी आहे का? माझी मैयत झाल्यासारखं तोंड करून रोज तेच विचारतेस.” खरं आहे तिचं. पण मी तरी काय करू? ‘अजून’ असेल तर तुम्ही वळत होतात. वाकायचं, उचलायचं, गोळ्यांचं, सगळं मनात घोळवत होतात. आणखी थोडे दिवस, कुणीतरी आणखी एकदा, वेगळ्या तऱ्हेनं म्हणायला हवं होतं. आणि ‘अजून’ नसेल, तर तुमचं ठरलेलं होतं आणि म्हातारे म्हणतात तसा कावळा बरोबर शिवला. एका शब्दावर तुम्ही मला टांगून ठेवलंत, आणि माझा धंदा शब्दांचा.

वेगळ्या तऱ्हेनं म्हणजे कसं, तेही मला आता ठाऊक आहे. मी तुम्हाला झडपेचं चित्र दाखवलं. ‘वन्सं, मला तुम्ही हव्या आहात’ असं म्हणाले नाही. तुम्ही पुरावा मागता आहात असंच मला वाटत होतं, मग मी पुरावे देत राहिले. ते नकोत, असं एकदा तरी सांगायचंत. सांगितलं असतंत तर मी तुमच्या पायाशी बसून म्हणाले असते की माझी आई गेल्यावर माझ्या भाकरीला झ्याक म्हणणारं तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. यांना तर भाकरी आणि पुठ्ठा सारखाच. मी म्हणाले असते, लावणीला वाकू नका, माझ्या दुकानात स्टुलावर बसा आणि कागद कसा फाटत नाही ते रोज बघा. ह्यावरही तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ठाऊक आहे. पण वन्सं, ते म्हणायला तरी समोर असतात.

काल संजय आला होता. वारसाचं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. दुसरीकडं कुठं जाणार तो. तुमच्या नावाआधी ‘मयत’ हा शब्द मीच टाइप केला. असे कितीतरी केलेत आजवर, बोटं थांबली नाहीत. खाली नेहमीची ओळ घातली, ‘वरील मजकूर खरा व बरोबर असून मला मान्य आहे.’ प्रिंट काढली. त्याला वाचून दाखवली. सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

संजय पेन हातात घेऊन माझ्याकडं बघत बसला.

“काय रे?”

“मामी, तुमचं इचारायचं ऱ्हायलं.”

“काय विचारायचं?”

“पटतंय का म्हनून. समद्यास्नी इचारता की तुमी.”

“तू सही कर,” मी म्हणाले.

त्यानं सही केली. कागद घडी करून खिशात घातला आणि नसरापूरची गाडी धरायला गेला.

वन्सं, मजकूर मी पुन्हा वाचला. नाव बरोबर आहे, गाव बरोबर आहे, तालुका राजगडच लिहिला आहे. सगळं खरं आहे. भाभीला मी आता विचारायची नाही, तुम्ही काय म्हणालात ते माझं मी ठरवलं आहे, आणि तेच तुम्हाला माझ्याकडूनही सांगते.

पटत न्हाई अजून.